तुम्ही विचारलंत म्हणून : एवढा आवाज, मग मॅगी बेल गेली कुठे?

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता नीट बसून उत्तर लिहायलाच हवं. घरी गाणी ऐकायला मंडळी जमतात, कुणीतरी म्हणतं, काहीतरी जुनं, दणदणीत लाव. मी 'स्टोन द क्रोज' या बँडची रेकॉर्ड लावते. दोन ओळी होईपर्यंत गप्पा थांबलेल्या असतात. मग कुणीतरी त्या काळातल्या गाजलेल्या अमेरिकन गायिकेचं नाव घेतं, "ही जॅनिस जॉप्लिन का?" नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला : "मग ही आहे कोण? एवढा आवाज असून आम्हाला नाव कसं माहीत नाही? पुढे झालं काय हिचं?"

हिचं नाव मॅगी बेल. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराची. पुढे काय झालं याचं जे उत्तर नेहमी दिलं जातं ते असं : गिटारवादक भर कार्यक्रमात विजेच्या धक्क्यानं गेला, बँड मोडला, नशीब आडवं आलं. हे खरं आहे, पण अर्धंच. मॅगीला आवाज होता, संधी मिळाली, त्या काळातला सगळ्यात दबदब्याचा मॅनेजर मिळाला, अमेरिकेतला मोठ्या मानाचा निर्माता मिळाला. कमी पडली ती गाणी. तिचा गळा डोळ्यांसमोर ठेवून गाणी रचली जात होती ती एकाच बँडमध्ये, आणि तो बँड १९७३ मध्ये संपला. हे मी अंदाजानं म्हणत नाही, रेकॉर्डवर ऐकू येतं.

मॅगीचा जन्म १९४५ चा, ग्लासगोच्या उत्तरेकडच्या मेरीहिल या कामगारवस्तीतला. पंधराव्या वर्षी शाळा सुटली. दिवसा दुकानांच्या दर्शनी काचांमागे माल मांडून सजवायचं काम आणि रात्री गाणं, असं चालायचं. गायक अ‍ॅलेक्स हार्वी हे तेव्हा ग्लासगोतलं मोठं नाव. त्याच्या कार्यक्रमात एकदा ती सरळ स्टेजवर चढून गायली आणि त्याचे तिला दोन पौंड मिळाले. त्याच ओळखीतून अ‍ॅलेक्सचा धाकटा भाऊ लेस्ली हार्वी भेटला. सगळे त्याला लेस म्हणत. तो गिटार वाजवायचा. पुढची दहाएक वर्षं, म्हणजे त्याच्या मृत्यूपर्यंत, मॅगीच्या गाण्यात आणि आयुष्यातही तो होता.

ग्लासगो तेव्हा नाचाच्या हॉलांचं शहर होतं. सॉकीहॉल स्ट्रीटवरचं लोकार्नो, पूर्वेकडचं डेनिस्टन पॅलेस. शनिवारी रात्री हॉल गच्च भरायचे आणि बँडनं सलग वाजवत राहायचं. मॅगी या दोन्ही हॉलांच्या बँडमध्ये गायिका होती. लोकप्रिय असेल ते गायचं, पितळी वाद्यांच्या वर आवाज न्यायचा. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून समोर ठेवायचे स्पीकर तेव्हा सर्रास नव्हते. आवाज पोटातून काढला नाही तर तो चौथ्या रांगेपर्यंतही पोचायचा नाही. तिच्या गाण्यात जो जोर आहे तो अमेरिकन गायिकांची नक्कल करून आला असं समजणाऱ्यांना मी हे नेहमी सांगते. मेम्फिस किंवा टेक्सासचं पाणी लागण्याआधीच या बाईचा आवाज ग्लासगोच्या हॉलांमध्ये पक्का झाला होता. पुढे लेससोबत 'पॉवर' नावाच्या बँडमधून जर्मनीतल्या अमेरिकन लष्करी तळांवर कार्यक्रम झाले, तिथं हा जोर आणखी कसाला लागला.

रेकॉर्डची सुरुवात मात्र आणखी लवकरची. १९६६ मध्ये बॉबी कर या गायकाबरोबर 'फ्रँकी अँड जॉनी' या नावानं तिची सिंगल, म्हणजे एकेका गाण्याची छोटी रेकॉर्ड, निघाली. त्यावर फार थांबण्यासारखं काही नाही.

खरी गोष्ट सुरू होते १९६९ मध्ये. 'पॉवर'ला ऐकायला पीटर ग्रँट आला. लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडचा मॅनेजर. कधीकाळी कुस्तीगीर म्हणून आखाड्यात उतरलेला हा धिप्पाड माणूस कार्यक्रमांच्या आयोजकांना घाम फोडायचा, आणि तिकिटांच्या पैशातला मोठा वाटा आयोजकाऐवजी वादकांना मिळाला पाहिजे हे त्यानंच त्या धंद्याला शिकवलं. मॅगीचा आवाज ऐकून त्याच्या तोंडून जो आश्चर्याचा उद्गार निघाला, तेच बँडचं नवं नाव झालं : स्टोन द क्रोज. ग्रँटचा भागीदार मार्क लंडन हा रेकॉर्डचा निर्माता. या मार्क लंडनचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९७० या एका वर्षात दोन अल्बम निघाले. पहिला बँडच्याच नावाचा, दुसरा 'ओड टू जॉन लॉ'. हे दोन्ही ऐकताना पहिल्यांदा गोंधळ होतो, कारण गायक दोन आहेत. बास वाजवणारा जिमी ड्यूअर हाही जबरदस्त गायचा. हाच ड्यूअर पुढे गिटारवादक रॉबिन ट्रोवरच्या 'ब्रिज ऑफ साय्ज' या अल्बमवर गायला, ज्यांनी तो अल्बम ऐकलाय त्यांना त्याची ओळख द्यायला नको. ड्यूअरचा आवाज भरदार, गुळगुळीत. मॅगीचा खरखरीत, टोकदार. एकाच गाण्यात दोघं आळीपाळीनं येतात तेव्हा मजा अशी की मॅगीचा आवाज जास्तच उघडा वाटतो. पहिल्या अल्बमची दुसरी बाजू म्हणजे सतराएक मिनिटांची एकच रचना आहे, 'आय सॉ अमेरिका'. लेस १९६९ मध्ये कार्टून या स्कॉटिश बँडबरोबर अमेरिका फिरून आला होता, त्या फिरण्यातून ती निघाली. लांबड आहे का? आहे. मधली काही मिनिटं मी आजही सुई उचलून पुढे ठेवते. पण पंचविशीतल्या मुलांनी आपण काय पाहिलं ते आपल्याच सुरात सांगायचा केलेला हा प्रयत्न आहे, आणि मॅगी त्यात दुसऱ्या कुणाचं नाही, आपल्या घरचं गाणं गातेय हे लगेच जाणवतं.

१९७१ च्या सुरुवातीला ड्यूअर आणि ऑर्गनवाला जॉन मॅकगिनिस बाहेर पडले. त्यांच्या जागी स्टीव्ह थॉम्पसन आणि रॉनी लीही आले. ड्रमवर कॉलिन अ‍ॅलन पहिल्यापासून होताच. त्या वर्षी 'टीनएज लिक्स' निघाला आणि आता पुढे एकटी मॅगी. माझ्या मते बँड म्हणून ही त्यांची सगळ्यात घट्ट रेकॉर्ड. 'बिग जिम सॉल्टर'मध्ये लेसची गिटार आणि तिचा आवाज कसे एकमेकांना जागा देतात ते ऐका. ती ओळ संपवते तिथं तो शिरतो, आणि पुढच्या ओळीचा श्वास घेण्याएवढी फट ठेवून बाजूला होतो. दहा वर्षांच्या सहवासाशिवाय हे जमत नाही. भाड्यानं आणलेला वादक, कितीही थोर असो, श्वास कुठे घेतला जाणार आहे हे त्याला माहीत नसतं.

त्याच वर्षी मॅगीचा आवाज जगभर पोचला, फक्त कुणाला कळलं नाही. ब्रिटिश गायक रॉड स्टुअर्टचा 'एव्हरी पिक्चर टेल्स अ स्टोरी' हा अल्बम ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेला. त्याच्या शीर्षकगीतात शेवटाकडे एकच ओळ पुन्हा पुन्हा येते आणि रॉडच्या आवाजावर एका बाईचा आवाज चढत जातो. ती मॅगी. कव्हरवर तिचा उल्लेख गायिका म्हणून नाही, आवाजाला घासकागद पुरवणारी अशा अर्थाच्या दोन शब्दांत आहे. मित्रत्वाची थट्टा होती ती, पण मला दर वेळी ते वाचून वाईट वाटतं. लक्षावधी घरांत ती रेकॉर्ड गेली आणि तिचं योगदान नोंदलं गेलं ते असं. (आणि नाही, त्याच अल्बममधली 'मॅगी मे' म्हणजे ही नव्हे. तेही पुष्कळ जण विचारतात. ते गाणं रॉडला तरुणपणी एका जॅझ महोत्सवात भेटलेल्या बाईवर आहे.)

आता जॉप्लिनची गोष्ट. जॅनिस जॉप्लिन ऑक्टोबर १९७० मध्ये गेली, सत्ताविसाव्या वर्षी. जागा रिकामी झाली, आणि रेकॉर्ड विकणाऱ्यांना तिथं दुसरी बाई हवी होती. मॅगीला 'ब्रिटनची जॉप्लिन' म्हणायला सुरुवात झाली आणि तो शिक्का आजतागायत पुसला गेलेला नाही. दोघींचा आवाज खरखरीत, दोघींना ब्लूजचं, म्हणजे अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या गाण्याचं वेड, इथपर्यंत ठीक. पण तुम्ही स्वतः पडताळून पाहा. 'अ वुमन लेफ्ट लोन्ली' हे गाणं दोघींनीही गायलंय. जॉप्लिनचं 'पर्ल' या तिच्या मृत्यूनंतर निघालेल्या अल्बमवर आहे, मॅगीचं तीन वर्षांनी 'क्वीन ऑफ द नाइट'वर. जॉप्लिन ओळीच्या मध्यावरच फुटायला लागते. शब्द तिच्या हातून निसटतात आणि त्या निसटण्यातच तिची सगळी ताकद आहे. मॅगी तसं करत नाही. ती शब्द पुरता म्हणते, सूर खाली बांधून ठेवते, आणि आवाज फाडायचा तो कुठे याचा निर्णय तिनं आधीच घेतलेला असतो. फाडते तेव्हाही खालचा सूर हलत नाही. हॉलमध्ये वर्षानुवर्षं रोज रात्री गायलेल्या बाईचा तो हिशेब आहे, गळा उद्याही लागणार आहे हे ठाऊक असलेल्या बाईचा. एकीचं गाणं ऐकताना जीव घाबरा होतो, दुसरीचं ऐकताना भरवसा वाटतो. दोन वेगळ्या गोष्टी आहेत या, आणि दुसरीला पहिलीच्या नावानं विकल्यानं दुसरीचं नुकसान झालं.

३ मे १९७२. वेल्समधलं स्वॉन्सी शहर, टॉप रँक नावाचा हॉल. स्टोन द क्रोजचा कार्यक्रम होता आणि हॉल भरलेला होता.

काय घडलं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा धातूच्या असतात आणि त्या आतून अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. माइकचं धातूचं आवरण असतं ते गाण्याच्या स्पीकर यंत्रणेच्या अर्थिंगला. ही दोन यंत्रं वेगळी, बहुतेकदा वेगळ्या प्लगवर. दोन्हीकडचं अर्थिंग शाबूत असेल तर एक हात तारांवर आणि दुसरा माइकवर ठेवला तरी काही होत नाही. एकीकडे ते तुटलेलं असेल आणि तिथल्या धातूत वीज उतरली असेल, तर तिला दुसऱ्या बाजूला जायला माणसाच्या शरीरातून वाट मिळते. एका हातातून दुसऱ्या हातात, म्हणजे मधे छाती, हृदय. गिटार गळ्यात असताना लेस हार्वीनं माइकला हात लावला आणि तो भर स्टेजवर, सगळ्यांच्या देखत कोसळला. वय २७. मॅगी तिथंच होती.

तुमच्यापैकी जे बँडमध्ये, ऑर्केस्ट्रात, सोसायटीच्या गणपतीत वाजवता, त्यांना कळकळीनं सांगते : माइकला ओठ लावल्यावर झिणझिण्या येतात हे हसण्यावारी नेऊ नका. कार्यक्रम थांबवा, टेस्टर लावा, अर्थिंग बघा. लोक खोळंबले तर खोळंबू देत.

चौथा अल्बम तेव्हा अर्धा झाला होता. महिना संपायच्या आत लिंकनजवळच्या मोठ्या महोत्सवात वाजवायचं आधीच ठरलेलं होतं. फ्लीटवुड मॅक बँडचा आधीचा गिटारवादक पीटर ग्रीन लेसच्या जागी वाजवणार म्हणून तालमी झाल्या, ऐनवेळी त्यानं नकार दिला, आणि 'येस' बँडचा गिटारवादक स्टीव्ह हाऊ मदतीला धावून आला. मग कायमचा म्हणून आला तो जिमी मॅककलॉक, जेमतेम एकोणीस वर्षांचा, स्कॉटलंडचाच. हाच पुढे पॉल मॅकार्टनीच्या विंग्ज या बँडमध्ये गेला. अल्बम पुरा झाला, नाव 'ऑन्टिन्युअस परफॉर्मन्स', आणि विक्रीच्या यादीत चढला तो हाच. त्यावरचं 'सनसेट काउबॉय' लेससाठी आहे. ते मी मंडळींसमोर लावत नाही, एकटी असताना ऐकते. मंडळींसमोर लावते ते 'पेनिसिलिन ब्लूज'. औषधपाण्याच्या भाषेत भलतंच काही सांगणारा संथ ब्लूज. इथं मॅगी घाई करत नाही. ओळ म्हणते, थांबते, गिटारला बोलू देते, मग पुढची ओळ आधीपेक्षा किंचित वरून उचलते. एवढ्या संथ चालीत ताण सांभाळणं फार अवघड असतं, आणि ती तो शेवटपर्यंत सांभाळते. तिचं एकच गाणं ऐकायला वेळ असेल तर हे ऐका.

त्याच १९७२ मध्ये 'टॉमी' या द हू बँडच्या गाण्यांतून गोष्ट सांगणाऱ्या रॉक ऑपेराची लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबरची भव्य आवृत्ती निघाली, तीत आईची भूमिका मॅगीनं गायली. 'मेलडी मेकर' साप्ताहिकाचे वाचक त्या वर्षांत तिला ब्रिटनची अव्वल गायिका म्हणून निवडत होते. म्हणजे नाव नव्हतं असंही नाही. जून १९७३ मध्ये बँड मोडला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता ही एकटी खरी वर जाईल.

इथपासून माझा मुद्दा सुरू होतो.

तिला न्यूयॉर्कला नेलं आणि अटलांटिक कंपनीच्या जेरी वेक्सलरच्या हवाली केलं. वेक्सलर म्हणजे अरीथा फ्रँकलिनला घडवणारा, डस्टी स्प्रिंगफील्डचा 'डस्टी इन मेम्फिस' हा अल्बम करणारा निर्माता. त्यानं वादक जमवले ते अव्वल : गिटारवर कॉर्नेल डुप्री, पियानोवर रिचर्ड टी, बासवर चक रेनी, ड्रमवर स्टीव्ह गॅड. यातल्या एकेकाचं नाव काढलं तरी वाजवणारी माणसं कानाला हात लावतात. १९७४ मध्ये 'क्वीन ऑफ द नाइट' निघाला. सुंदर अल्बम आहे. आवाज इतका जवळून, इतका स्वच्छ आधी कधीच पकडला गेला नव्हता. जॉन प्राइनचं 'सूव्हनिर्स' ती गाते तेव्हा नाचाच्या हॉलमधली मॅगी कुठल्या कुठे जाते आणि समोर बसून बोलणारी एक बाई उरते.

पण गाण्यांची यादी बघा. 'सूव्हनिर्स' प्राइनचं. 'आफ्टर मिडनाइट' जे. जे. केलचं, एरिक क्लॅप्टननं आधीच गाजवलेलं. 'ओ माय माय' रिंगो स्टारचं. 'अ वुमन लेफ्ट लोन्ली' जॉप्लिनमुळे लोकांच्या कानात बसलेलं, आणि जिला दुसरी जॉप्लिन म्हणतात तिलाच ते गायला दिलं! गाणी वाईट नाहीत, एकही नाही. पण दुसऱ्यांच्या मापानं शिवलेले कपडे आहेत ते. तिला होतात, शोभतातही, तरी खांद्यावर शिवण दुसऱ्याची दिसते. एखादी अनोळखी गायिका लोकांच्या मनात राहते ती एका गाण्यामुळे, जे गाणं म्हटलं की तीच आठवते. तसं गाणं या अल्बममध्ये नाही.

आता मार्क लंडनकडे येते. याच माणसानं १९६७ मध्ये 'टू सर, विथ लव्ह'ची चाल बांधली होती. शब्द डॉन ब्लॅकचे. गायली लुलू. लुलूही ग्लासगोची, लहानपण डेनिस्टनमध्ये गेलेलं, मॅगीपेक्षा जवळपास चार वर्षांनी लहान. लंडन हा लुलूच्या मॅनेजरबाईंचा नवरा, तिचा गळा त्याला चांगला ठाऊक होता. चाल तिच्यासाठी बांधली गेली आणि ते गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. लुलूचा आवाज छान आहे, पण मॅगीच्या आवाजाशी त्याची बरोबरी होईल असं मला वाटत नाही. फरक पडला तो चालीनं. तोच माणूस पुढे मॅगीचा निर्माता, वर्षानुवर्षं तिच्यासोबत, आणि त्या तोडीचं एकही गाणं मॅगीच्या वाट्याला आलं नाही. हे मला कधी नीट पचलेलं नाही.

१९७५ चा 'सूसाइड साल' मार्क लंडननंच केला. लेड झेपेलिनच्या जिमी पेजनं दोन गाण्यांत गिटार वाजवली आहे, म्हणून त्या बँडचे भक्त हा अल्बम शोधत असतात. पेजसाठी घ्या हवं तर, पण राहा मॅगीसाठी. 'विशिंग वेल' हे फ्री बँडचं गाणं ती त्यांचा गायक पॉल रॉजर्स याच्या तोडीस तोड गाते, आणि 'आय वॉज इन चेन्स'मधला तिचा आवाज ऐकून मी दर वेळी हातातलं काम बाजूला ठेवते. अमेरिकेत हा अल्बम स्वॉन साँग या नव्या कंपनीनं काढला. कंपनी लेड झेपेलिन आणि पीटर ग्रँटचीच. वरवर बघता याहून चांगलं घर कुठलं मिळणार होतं? पण त्याच घरात लेड झेपेलिन होतं, आणि १९७४ मध्ये पहिल्याच अल्बमनं अमेरिकेत पहिला क्रमांक गाठणारा बॅड कंपनी हा बँड होता. ग्रँटचा दिवसही चोवीस तासांचाच. त्याला मॅगीबद्दल आस्था नव्हती असं मी म्हणत नाही, पहिल्यापासून तिच्यावर भरवसा टाकणारा तोच होता. पण रांगेत ती नेहमी तिसरी.

त्यानंतरचा काळ मी भराभर सांगते. 'सूसाइड साल'नंतर कित्येक वर्षं तिचा अल्बमच नाही. १९७८ मध्ये 'हेझल' या टीव्ही मालिकेचं शीर्षकगीत, ते ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत ३७ व्या क्रमांकापर्यंत पोचलं. १९८१ मध्ये मिडनाइट फ्लायर हा बँड, निर्माता बॅड कंपनीचा मिक राल्फ्स. हा अल्बम मला फारसा आवडत नाही. हार्ड रॉकच्या भिंतीमागून ती ओरडून बोलतेय असं वाटतं. त्याच वर्षी बी. ए. रॉबर्टसनबरोबर 'होल्ड मी' हे युगुलगीत केलं, ११ व्या क्रमांकावर गेलं, आणि ब्रिटनच्या यादीत तिच्या नावावरचं सगळ्यात मोठं यश तेच. तेही जुनंच गाणं, १९६४ मध्ये पी. जे. प्रोबीनं गाजवलेलं. दोनेक वर्षांत स्वॉन साँग कंपनी बंद पडली.

आणि मग 'टॅगर्ट'. ही ग्लासगोत घडणारी पोलिसांची मालिका १९८३ मध्ये सुरू झाली आणि २०१० पर्यंत चालली. तिचं शीर्षकगीत 'नो मीन सिटी'. चाल माइक मोरनची, गाणं ग्लासगोबद्दलचं, आणि आवाज मॅगी बेलचा. मालिकेतले पोलीस ज्या ठाण्यात बसतात ते मेरीहिलचं. तिच्या जन्मगावाबद्दलचं, तिच्याच गल्लीत घडणाऱ्या मालिकेचं, तिच्या आवाजाला बेतलेलं गाणं. ब्रिटनमध्ये घराघरांत पोचलेला तिचा आवाज हाच. आजही तिकडच्या माणसाला मॅगी बेल म्हटलं तर कदाचित आठवणार नाही, पण 'टॅगर्ट'चं गाणं म्हटलं की तो लगेच गुणगुणायला लागतो. नशीब आडवं आलं म्हणणाऱ्यांना मी हे गाणं ऐकवते. बँड नाही, पेज नाही, वेक्सलर नाही. फक्त एक गाणं तिच्या मापाचं मिळालं, आणि ते लोकांच्या कानात पंचवीस वर्षं टिकलं.

तेव्हा, ती गेली कुठे? अनेक वर्षं ती हॉलंडमध्ये राहिली आणि युरोपभर गात राहिली. २००६ च्या सुमारास ब्रिटनला परतली आणि ब्रिटिश ब्लूज क्विंटेट नावाच्या बँडमध्ये उभी राहिली. सोबत झूट मनी, मिलर अँडरसन, कॉलिन हॉजकिन्सन, आणि ड्रमवर स्टोन द क्रोजचा तोच कॉलिन अ‍ॅलन. डीप पर्पलच्या जॉन लॉर्डनं अखेरच्या काळात जो ब्लूज बँड जमवला त्यातही ती होती. त्याची कार्यक्रमातली रेकॉर्ड २०११ मध्ये निघाली. त्यात तिचं वय पासष्टच्या घरात आहे. आवाज थोडा खाली उतरलाय, पण ओळ कुठे सोडायची, कुठे धरायची याची जाण तशीच्या तशी.

कुठून सुरुवात करू, असंही विचारता म्हणून सांगते. आधी 'पेनिसिलिन ब्लूज'. मग अख्खा 'टीनएज लिक्स', मधे न उठता. त्यानंतर 'अ वुमन लेफ्ट लोन्ली' दोघींचं, एकापाठोपाठ एक, आणि क्रम मॅगी आधी, जॉप्लिन नंतर असा ठेवा. नेहमी उलटं होतं, म्हणूनच तुलना चुकते. बीबीसीसाठी स्टोन द क्रोजनं केलेली रेकॉर्डिंग्ज पुढे बाहेर आली आहेत, लेस जिवंत असतानाची. ती मिळाली तर सोडू नका. आणि 'टॅगर्ट'चं गाणं शोधायला फार वेळ लागणार नाही, ते सगळीकडे आहे.